कुलूप कपाटाला लावा, सभागृहाला नको



हरभरा निघाला, गहू घरात आला, तुरीचं कुटार भरून झालं. वावरं नांगरून उन्हात तापत पडली आहेत. पेरणीला अजून सहा-सात हप्ते आहेत. या पेजवर मी एरवी पेरणी, फवारणी, पाऊस, भाव असंच लिहितो. आज वावराबाहेरच्या एका जागेबद्दल लिहितो. १ मेची ग्रामसभा तोंडावर आहे, म्हणून आताच.

विषय असा आहे की गावात सरकारी खोल्या भरपूर आहेत आणि कास्तकाराला सरकारी माणूस भेटायला ठिकाण नाही.

कोणत्याही बऱ्यापैकी गावात फेरी मारा आणि मोजा. ग्रामपंचायत आणि तिचं सभागृह. पटवाऱ्याचं कार्यालय. समाजमंदिर. पोरं कमी झाल्यानं शाळेच्या एक-दोन रिकाम्या खोल्या. अंगणवाडी, सोसायटीचं गोदाम, कुठं ढोरांचा दवाखाना, कुठं आरोग्य उपकेंद्र. इमारत वेगळ्या खात्याची, किल्ली वेगळ्या खिशात. शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांचं काम रोजचं आहे, त्यांना हात लावायचा नाही. पण बाकीच्या खोल्यांचं काय? सभागृह उघडतं ते ग्रामसभेला, झेंडावंदनाला, निवडणुकीला, नाहीतर एखाद्या शिबिराला. मधले सगळे दिवस आत खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात आणि बाहेर लोक ओट्यावर उभे राहून विचारतात, "सायेब येनार हायेत का आज?"

कुणा एका गावाचं, एका सरपंचाचं किंवा सचिवाचं नाव मी घेत नाही. आमच्या किन्हीराजाचं गाऱ्हाणं म्हणूनही हे वाचू नका. तुमचं गाव कोणतंही असो, तुमच्या ओळखीचंच चित्र आहे हे.

आता कुणी म्हणेल, सगळं तर मोबाईलवर झालं, ऑफिसची गरजच काय राहिली? मी उलट म्हणतो. मोबाईल आल्यापासून गावात बसायच्या जागेची गरज वाढली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आपल्या हातात आली. मग शेतकरी ओळख क्रमांक आला, तो १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी बंधनकारक झाला. महाडीबीटीचा अर्ज, विम्याचा अर्ज, केवायसी, सगळं ऑनलाइन. ज्याच्या घरात शिकलेलं पोरगं आहे त्याचं काम होतं. ज्याचं पोरगं पुण्याला कंपनीत आहे तो म्हातारा आधार कार्ड पिशवीत घालून दुसऱ्याच्या पोराच्या मागं फिरतो, नाहीतर तालुक्याला जातो. किन्हीराजावरून मालेगावला जाऊन काम करून यायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. काम झालं नाही तर पुन्हा दुसरा अर्धा. सोंगणीच्या दिवसांत अर्ध्या दिवसाची किंमत काय असते, हे कास्तकाराला सांगायला नको.

ओळख क्रमांकाच्या वेळी गावोगाव शिबिरं झाली. पंचायतीचं सभागृह उघडलं, संगणकवाला पोरगा बसला, पटवारी बसला, आणि दोन-तीन दिवसांत रांगच्या रांग मोकळी झाली. म्हणजे जागा आहे, टेबल आहे, वीज आहे, माणसं आहेत. वरून आदेश आला की सगळं जुळतं. मग आदेश नसताना, आपल्या गरजेनं, आठवड्यातून एक दिवस हेच का जुळू नये? माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. ते का गरजेचं आहे ते आता सांगतो.

पहिली गोष्ट कृषी सहायकाची. गेल्या दोन वर्षांत तिघांचीही नावं बदलली. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. नाव मोठं झालं त्याचा आनंद आहे. पण यातल्या तिसऱ्या माणसाला गावात बसायला खुर्ची कुठं आहे? पटवाऱ्याचं दप्तर असतं, सचिवाचं टेबल असतं. कृषीवाल्याकडं चार-सहा गावं आणि एक मोटारसायकल. तो गावात आला की उभा कुठं राहतो? पानटपरीवर, नाहीतर बियाण्या-औषधाच्या दुकानात. तिथं पंखा असतो, पाणी असतं, दोन कास्तकार हमखास भेटतात. मी त्याला दोष देत नाही, उन्हात माणूस सावलीलाच जाणार.

पण याचा परिणाम बघा. सोयाबीनवर खोडमाशी आहे की चक्रीभुंगा, फवारणी करायची की अजून चार दिवस थांबायचं, हा सल्ला दुकानाच्या काउंटरसमोर मिळतो. दुकानदार भला माणूस असला तरी त्याचं पोट माल विकण्यावर आहे. फवारायची गरज नाही, हे वाक्य दुकानात बसून बोलायला जड जातं. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीनं एवढा टप्पा ओलांडल्याशिवाय औषधावर खर्च करायचा नाही, हे कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतं. ते सांगायला दुकानाबाहेरची जागा लागते. झाडाची फांदी, पान, अळी टेबलावर ठेवून बघायला लागते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राची शिफारस भिंतीवर लागलेली असली तर दुकानदारही दोन शब्द सांभाळून बोलेल. पेजवर जी कृषी अधिकारी मंडळी आहेत त्यांनी याचा विचार करावा. तुमच्या सल्ल्याचं वजन तो कुठं बसून दिला यावर ठरतं.

दुसरी गोष्ट पैशाची आहे, नीट वाचा.

२०२३ च्या खरिपापासून आपण एक रुपयात विमा भरत होतो. ती सवलत २०२५ च्या खरिपात बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरतो. त्याच वेळी राज्यानं नुकसानीचे जादाचे निकष काढले. गारपीट झाली, पाणी साचलं म्हणून ७२ तासांत तक्रार नोंदवायची पद्धत होती, ती गेली. २०२५ च्या खरिपापासून भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावर.

हा हिशोब कसा चालतो ते अनेकांना माहीत नाही. सोयाबीनसारख्या मुख्य पिकाला महसूल मंडळ हा एक घटक. मंडळातली काही शेतं निवडतात, तिथं ठरलेल्या मापाचा तुकडा आखून पीक कापतात, मळतात, तोलतात. त्यावरून मंडळाचं त्या वर्षीचं उत्पन्न निघतं. दुसऱ्या बाजूला उंबरठा उत्पन्न असतं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढायची आणि तिचा जोखीम स्तराइतका भाग धरायचा, आपल्याकडं ७० टक्के. चालू वर्षाचं उत्पन्न उंबरठ्याच्या खाली जेवढं गेलं, तेवढ्या प्रमाणात भरपाई. समजायला आकडे धरा. उंबरठा ८ क्विंटल, प्रयोगात निघाले ६ क्विंटल, म्हणजे तूट पाव हिश्श्याची. एकरी विमा रक्कम २० हजार धरली तर ५ हजार मिळतील. पण तोलताना दाणा ओला राहिला, तुकड्याचं माप चुकलं आणि ६ च्या जागी ७ क्विंटल लिहिले गेले, तर ५ हजारांचे अडीच हजार झाले. एकट्याचे नाहीत, मंडळातल्या सगळ्यांचे.

गेल्या खरिपात आमच्या भागातल्या एका गावी असा प्रयोग झाला. शेजारच्या धुऱ्यावर ज्याचं वावर आहे त्या माणसाला आठ दिवसांनी कळलं. प्रयोग बरोबर झाला की चूक, हे मला सांगता येत नाही, कारण गावातलं कुणी बघायलाच नव्हतं. भांडण नंतर चहाच्या टपरीवर झालं आणि तिथंच विझलं.

हे टाळायला नवीन कायदा लागत नाही. पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा लागतो. त्यावर लिहायचं: पीक सोयाबीन, अमुक गट नंबर, अमुक तारीख, सकाळी इतके वाजता, पीक कापणी प्रयोग. प्रयोग झाल्यावर ओलं वजन किती, वाळल्यावर किती, तेही लिहायचं. दहा कास्तकार बांधावर उभे राहिले की माप सरळ होतं. कुणावर अविश्वास दाखवायचा नाही. उलट खरं काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला दहा साक्षीदार मिळतात.

तिसरी गोष्ट पावसाची. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं, महावेधचं. त्या एका केंद्रावर पंधरा-वीस गावांचा पाऊस मोजला जातो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं तर अतिवृष्टी. आता आपल्याकडचा पाऊस कसा पडतो ते माहीत आहे. नदीच्या अलीकडं धो धो, पलीकडं फुफाटा उडतो. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये विंड्स नावाचा प्रकल्प आणला, त्यात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं धोरण आहे. ते बसेल तेव्हा बसेल, पण तोवर पंचायतीच्या आवारात साधं पर्जन्यमापक का असू नये? उघड्यावर ठेवायचं. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला एकानं बघायचं आणि फळ्यावर लिहायचं, आज किती, १ जूनपासून एकूण किती.

हा आकडा मदतीच्या यादीला चालत नाही, मला ठाऊक आहे. पण तक्रार करताना, "साहेब, फार पाऊस झाला हो," असं म्हणणं वेगळं आणि रोजची नोंद हातात घेऊन उभं राहणं वेगळं. शिवाय पेरणीला तो लगेच कामाचा आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. मापच गावात नाही तर पाहणार कशात? शेजाऱ्यानं तिफण काढली की आपण काढतो, आणि मग दुबार पेरणी. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. आपला वाशिम जिल्हाही पोकराच्या पहिल्या पंधरा जिल्ह्यांत होता. ताळेबंद हा शब्द आपल्याला नवा नाही, तो कागदावरून भिंतीवर यायचा आहे.

चौथी गोष्ट आत्ताची, याच महिन्याची. घरच्या बियाण्याची उगवण तपासणी. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढी बोंब झाली, आठवत असेल. तपासणी किती सोपी आहे: गोणपाट धुवून ओलं करा, दहा-दहाच्या दहा ओळीत १०० दाणे मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. ७० किंवा वर आले तर एकरी ३० किलो बियाणं. ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६० च्याही खाली गेलं तर ते पेरू नका.

घरी हे करायचं राहून जातं. सभागृहात करा. ओळीनं गुंडाळ्या ठेवा, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. सातव्या दिवशी कृषी सहायकासमोर सगळ्यांच्या एकदम उघडा. कुणाचं बियाणं ८५ टक्के, कुणाचं ५५, अख्ख्या गावाला कळेल. ज्याचं चांगलं निघालं त्याच्याकडून दुसरा घेईल, बियाण्याचा पैसा गावातच राहील. एका सभागृहाचा सात दिवसांचा वापर, खर्च म्हणाल तर पाण्याचा.

आता जुन्या लोकांच्या मनात येईल, ही तर चावडीच झाली. हो, पण मी जुन्या चावडीचं गुणगान करायला बसलो नाही. वऱ्हाडात पाटील आणि पटवारी चावडीवर बसायचे, सारा तिथं, फिर्याद तिथं, दवंडीही तिथूनच. सगळा कारभार एका ठिकाणी होता, ही सोय खरी. पण त्या ओट्यावर सगळ्यांना बसता येत नव्हतं, हेही खरं. कुणी खाली उभा, बाया तर लांबच. १ जानेवारी १९६३ ला मुलकी पाटीलकी गेली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या होत्याच. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पुढं आपल्या राज्यानं बायांना पंचायतीत निम्म्या जागा दिल्या. म्हणजे आजची पंचायत जुन्या चावडीपेक्षा हक्कानं मोठी आहे. सोय मात्र चावडीची घ्यायला हरकत नाही. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारे बिनचूक करायला सरकारनंच गावोगाव चावडी वाचन लावलं होतं. सगळ्यांसमोर सातबारा वाचला की चूक तिथल्या तिथं सापडते, हे सरकारलाही पटलेलं आहे.

नवीन इमारत मागू नका, हे मी मुद्दाम सांगतो. शेजारच्या तेलंगणानं २०२० मध्ये रयतु वेदिका बांधल्या. ५ हजार एकरांच्या पट्ट्याला एक, अशा २,६०१, एकेकीला २२ लाख रुपये. कल्पना चांगली, सभागृह चांगलं. पण पुढं बऱ्याच वेदिका बंद पडून असल्याच्या बातम्या तिकडं आल्या. २०२४ मध्ये नव्या सरकारनं त्यातल्या काहींत पडदा आणि कॅमेरा बसवून शास्त्रज्ञांशी थेट बोलायचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यांत पुन्हा माणसं बसू लागली. बांधकामाला ठेकेदार मिळतो, वापराला वेळापत्रक लागतं, हा त्यातला धडा.

केरळचं उदाहरण जुनं आहे. तिथं १९८७ पासून ग्रामपंचायतीला कृषिभवन आहे आणि त्यात कृषी अधिकारी बसतो. कास्तकाराला ठिकाण आणि माणूस दोन्ही माहीत असतात. पण आपण डोळे झाकून केरळ म्हणू नये. तिथं ग्रामपंचायती ९४१ आहेत, आपल्याकडं सुमारे २८ हजार. त्यांची एक पंचायत म्हणजे लोकसंख्येनं आपल्या कितीतरी पंचायतींची बेरीज. तेवढे अधिकारी आपल्याकडं गावागणिक बसू शकत नाहीत. म्हणून आपलं गणित वेगळं मांडायचं: मंडळाच्या मोठ्या गावात आठवड्यातून दोन दिवस, बाकी गावांत एक दिवस. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, आणि त्या दिवशी तिघं एकाच छताखाली. बाजाराचा दिवस असला तर उत्तम, लोक तसेही घराबाहेर पडतात.

तिघं एकत्र का पाहिजेत ते सांगतो. वारसाची नोंद लावायची तर कागद सचिवाकडचा, फेरफार पटवाऱ्याचा. ठिबकचा अर्ज कृषीचा, त्याला सातबारा पटवाऱ्याचा. पंचनाम्यावर तर तिघांच्याही सह्या. तिघं तीन दिवशी तीन ठिकाणी असले की आपण पायपीट करतो. एका टेबलावर बसले की कागद इकडून तिकडं हाताच्या अंतरावर जातो.

आता आडव्या प्रश्नांकडं येतो. पारावर हे बोलून बघितलं तर लोक काय म्हणतात ते मला पाठ झालं आहे.

"दप्तर जाईल चोरीला." मग दप्तर लोखंडी कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. सभागृहातल्या खुर्च्यांना कुलपाची काय गरज?

"पोरं पत्ते कुटतील." बंद खोलीच्या मागच्या अंगाला आजही कुटतात. उघड्या खोलीत चार मोठी माणसं बसली की ती उठून जातात. तरीही भीती असेल तर किल्ली एकाच्या हातात देऊ नका. एक शिपायाकडं, एक बचत गटाच्या अध्यक्षबाईकडं. वहीत सही करून उघडायचं, सही करून लावायचं.

"माणसंच कमी आहेत, एका पटवाऱ्याकडं दोन-दोन साजे." हे खरं दुखणं आहे आणि ते गावात सुटणार नाही. पण माणूस कमी असला म्हणून तर दिवस ठरलेला पाहिजे. रोज भेटणार नाही हे मान्य, कधी भेटेल ते तरी सांगा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि देणारा अधिकारी कोण, हे फलकावर लावायचं असं तोच म्हणतो. त्या फलकाखाली आणखी एक ओळ लिहायची आहे: वार आणि वेळ.

आणि चौथा आक्षेप, जो कुणी मोठ्यानं बोलत नाही. "ग्रामपंचायत त्यांच्या पार्टीची आहे, आम्ही कशाला पायरी चढू?" माझ्या मते खरं कुलूप हे आहे. निवडणूक झाली की निम्मं गाव पाच वर्षं त्या इमारतीकडं पाठ करतं. निवडून आलेल्यांनाही ते सोयीचं असतं, कमी लोक आले की कमी विचारणा. पण इमारत घरपट्टीवर उभी आहे आणि घरपट्टीची पावती पार्टी बघून फाडत नाहीत. सरपंच मंडळींना हात जोडून सांगतो, विरोधातला माणूस फळ्यावरचा पाऊस वाचायला आला तर त्याला चहा पाजा. आणि हरलेल्या बाजूला सांगतो, रुसून घरी बसल्यानं किल्ली आपल्याला मिळत नाही.

बायांबद्दल दोन शब्द. आपण गडी माणसं पारावर बसतो, टपरीवर बसतो, मंदिराच्या ओट्यावर बसतो. बाईला गावात बसायला कुठं जागा आहे? बचत गटाची बैठक कुणाच्या तरी ओसरीवर, घरधन्याची इतराजी सांभाळून. सातबाऱ्यावर नाव असलेल्या विधवा बाया आपल्या गावांत आहेत, वावर त्याच पाहतात. त्या दुकानात उभं राहून फवारणीचं विचारत नाहीत, टपरीवर तर कृषी सहायकाला गाठणं शक्यच नाही. सभागृह दुपारचे दोन तास त्यांच्यासाठी राखून ठेवलं तर सल्ला पहिल्यांदाच त्यांच्या कानापर्यंत पोचेल. निंदणी, वेचणी त्यांच्याच हातची, कीड आधी त्यांनाच दिसते. मजुरी करणाऱ्या लोकांचंही तसंच. रोजगार हमीच्या कामाची मागणी नोंदवायला बसलेला माणूस सापडला पाहिजे, फोनवर नाही.

तर १ मेच्या ग्रामसभेत काय मागायचं, ते लिहून देतो. आपापल्या गावाप्रमाणं बदल करा, पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

१) ग्रामपंचायतीचं सभागृह आठवड्यातून ठरलेल्या वारी सकाळी १० ते सायंकाळी ५ उघडं राहील. त्या दिवशी ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी तिथं बसावं, अशी विनंती ठरावानं तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी यांना पाठवावी.

२) बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल असा मोठा फळा. पाऊस, पीक कापणी प्रयोगाचं ठिकाण आणि तारीख, योजनांची शेवटची तारीख, मदतीच्या याद्या कधी लागणार, एवढंच त्यावर. वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत.

३) आवारात पर्जन्यमापक, आणि रोज वाचायला एक नेमलेला माणूस.

४) मे महिन्यात सभागृहात उगवण तपासणीचे सात दिवस.

५) महिलांसाठी राखीव वेळ, आणि किल्ली दोन हातांत.

यातल्या एकालाही मोठा निधी लागत नाही. फळा, रंग, पर्जन्यमापक, दोन बाक हे ग्रामनिधीतून होतं. सरकारी माणसं ठरावाला बांधील नाहीत, त्यांची हजेरी वरचे साहेब ठरवतात, हे मला कळतं. म्हणूनच पहिल्या कलमात विनंती हा शब्द आहे. पण एका मंडळातल्या दहा-बारा गावांनी एकच ठराव पाठवला तर तालुक्याच्या टेबलावर दहा-बारा कागद एकदम पडतात, आणि ते बाजूला सारणं अवघड जातं. बाकीची चार कलमं तर पूर्ण आपल्या हातातली आहेत, त्यांना कुणाला विचारायचं नाही.

सगळं एकदम होणार नाही. एकच करायचं असेल तर फळ्यापासून सुरू करा. त्याला ना साहेब लागतो ना किल्ली, तो बाहेर आहे. जूनच्या पहिल्या पावसाचा आकडा त्यावर लागला की लोक थांबून वाचतील. वाचणारे वाढले की उद्या विचारतील, दार का बंद आहे.

ज्यांच्या गावात असं काही आधीच सुरू आहे त्यांनी खाली लिहा, कसं जमवलं ते सांगा. ज्यांच्याकडं ठराव झाला त्यांनी फळ्याचा फोटो टाका. पुढची नोंद उगवण तपासणीची असेल. माझ्या घरच्या बियाण्याची गुंडाळी परवा ठेवतो, टक्के किती येतात ते जसेच्या तसे लिहीन.

रामराम.